ओटा तोडायचा की ठेवायचा? बजेट कमी, घरात सहा माणसं आणि किचन एकच

पानगळ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होते, आज शेवटी लिहितेच. आमचं किचन साधारण ८ बाय १० फुटांचं आहे, २२ वर्षांपूर्वीचं. ओट्याखालच्या ट्रॉल्या गंजल्यात, सिंकखालच्या कपाटाचा प्लाय पाणी पिऊन फुगलाय आणि त्याचे पापुद्रे निघतायत, एक शटर तर उघडायला गेलं की बिजागरीसकट हातात येतं. भिंतीच्या टाईल्स मात्र अजून घट्ट आहेत आणि ओट्याचा ग्रॅनाइटही चांगला आहे, फक्त एका कोपऱ्याला टवका उडालाय. एक जण बघून गेला, तो म्हणाला सगळं तोडा, ओटा एल आकाराचा करा, सिंक खिडकीखाली न्या. आकडा सांगितला तो आमच्या बजेटच्या दुपटीच्या वर, आणि कर्ज काढायचं नाही हे आमचं दोघांचं पक्कं ठरलंय.

घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. सासऱ्यांना औषधाआधी वेळेवर पोटात काहीतरी जावं लागतं, सासूबाईंना धुळीने दम लागतो, धाकटी चार वर्षांची आहे आणि खाली पडलेली प्रत्येक वस्तू तिला उचलायची असते, नवरा घरून काम करतो त्यामुळे दुपारी ड्रिल चालू झालं की त्याच्या मीटिंगा बंद. म्हणजे महिनाभर किचन बंद ठेवून दुसरीकडे जाऊ असं आमच्याकडे होणारच नाही.

तर ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, तोडायचं काय आणि ठेवायचं काय, पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, आणि काम चालू असताना घर कसं चालवलंत?

जुनी_खिडकी

पानगळ ताई, सगळ्यात आधी सिंक हलवू नका. बाकी कुठे काटकसर केलीत नाही केलीत तरी चालेल पण ही एक गोष्ट ऐका. पाणी येण्याचा पाईप कुठूनही वळवून नेता येतो कारण त्याला मागून दाब असतो, सांडपाणी मात्र फक्त उतारावरून जातं, त्या पाईपला दर मीटरमागे साधारण २ सेंमी ढाळ लागतो. सिंक ३ मीटर लांब नेलं की पाईपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६ सेंमीचा फरक ठेवावा लागतो, मग त्यासाठी फरशी फोडा नाहीतर ओट्याखाली पाईप उंचावरून न्या, म्हणजे त्या जागेतल्या ट्रॉल्या गेल्या. आणि ढाळ कमी ठेवला की पाईप सारखा तुंबणार. नुसतं "सिंक खिडकीखाली" म्हणायला सोपं आहे, पण गवंडी, प्लंबर, फरशी, नवीन टाईल्स असं सगळं त्याच्या मागोमाग येतं.

दुसरं म्हणजे कुणालाही आगाऊ पैसे देण्याआधी एक रविवार हे करा, आम्ही केलं होतं. कागदावर किचनचा आराखडा काढायचा, मोजून, म्हणजे १ फुटाला २ सेंमी वगैरे, तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि सिंक, शेगडी, फ्रिज, डबे, भांड्यांचं स्टँड, कचऱ्याचा डबा अशा जागी टाचण्या टोचायच्या. मग सकाळचं काम चालू असताना घरातल्या कुणीतरी बसून दोरा त्या टाचण्यांवरून फिरवत राहायचं, बाई जिकडे गेली तिकडे दोरा. दोन तासांनी बघा कुठे गुंता झालाय. आमच्याकडे माझ्या मुलीने दोरा धरला होता, सगळा गठ्ठा कचऱ्याच्या डब्यापाशी झाला, तो दाराच्या पलीकडे होता ना! तो सिंकखाली आणला आणि निम्मी ये-जा तिथेच थांबली, त्याला पैसे शून्य लागले.

आणि जागा लहान आहे म्हणून मनाला लावून घेऊ नका. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे किचन बसवलं ते १.९ बाय ३.४ मीटरचं होतं, म्हणजे तुमच्यापेक्षाही लहान, आणि त्याच्या हजारो घरांत प्रती झाल्या. त्यांनी आधी बायकांची पावलं आणि कामाला लागणारा वेळ मोजला आणि मग कपाटं काढली. आपल्याकडे येणारा माणूस आधी शटरच्या रंगांचं पुस्तक उघडतो, त्याचं मला फार वाईट वाटतं.

वायरमन_दादा

मी इलेक्ट्रिकचंच काम करतो, त्यामुळे माझ्या बाजूचं सांगतो. २२ वर्षांपूर्वीचं किचन म्हणजे तेव्हा बहुतेक मिक्सर आणि फ्रिज एवढाच हिशोब धरून पॉइंट काढलेले असणार. आता काम चालू असताना तुम्ही बाहेरच्या खोलीत इंडक्शन लावणार, ते २००० वॅटचं, त्याच बोर्डावर कोणीतरी केटल लावणार, ती १५०० ते २००० वॅटची, म्हणजे दोन्ही मिळून ४००० वॅटपर्यंत, २३० व्होल्टला जवळजवळ १७ अँपियर होतात. साध्या एक्स्टेन्शन बोर्डाचं हे काम नाही, वायर गरम होते, प्लगचं प्लास्टिक मऊ पडतं आणि वास येईपर्यंत कुणाला कळत नाही. म्हणून दोन्ही एकाच वेळी एका बोर्डावर लावायचं नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, आणि इंडक्शन थेट भिंतीवरच्या १६ अँपियरच्या सॉकेटलाच.

नवीन वायरिंग करताना जड वस्तूंना वेगळी लाइन घ्या, सगळं एकावर ढकलू नका. आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवला आहे का बघा, नसेल तर बाकी काही मागे ठेवा पण तो आधी बसवा, ओल्या हाताने स्विच लावायची जागा आहे ती आणि तुमच्याकडे लहान मूल आहे. शोभेचे लाइट नंतर कधीही लावता येतात, भिंत बंद झाल्यावर वायर टाकायची तर परत टाईल फोडावी लागते.

अजून एक, भिंत उघडी असेल तेव्हाच मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा. पट्टी फोटोत दिसली पाहिजे, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती ते. पाच वर्षांनी तिथे खिळा मारायला जाल तेव्हा तोच फोटो उपयोगी पडणार.

मधलं_पान

मी थोडं वेगळं बोलते. "जुनंच ठेवा आणि शटरला रंग मारा" असं सगळे सांगतात, मीही केलं आणि चार महिन्यांत शेगडीच्या बाजूच्या शटरचे रंगाचे पोपडे आले. नंतर एका जाणत्या सुताराने दाखवलं, रंगाखाली तेलाचा थर तसाच होता. वर्षानुवर्षांची तेलकट वाफ लॅमिनेटवर बसलेली असते, हात फिरवला तर कळत नाही पण पाण्याचा थेंब टाकला की तो पसरत नाही, गोळा होऊन बसतो. आधी डिटर्जंटच्या कोमट पाण्याने दोनदा धुवा, सुकू द्या, मग बारीक पॉलिशपेपरने घासून चमक घालवा, मग लॅमिनेटवर धरणारा प्रायमर, आणि मग पातळ दोन हात. वरून एका दिवसात सुकलेला दिसतो पण इनॅमल पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर जोरात पुसायचं नाही. घर जुनं असेल आणि भिंतीवर किंवा दारावर कित्येक वर्षांचा रंग असेल तर तो कोरडा घासू नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि ती धूळ चार वर्षांच्या मुलीच्या हातातोंडात जायला नको.

पण खरं दुःख मला पाईपचं आहे. आमच्या कंत्राटदाराने पाईप टाकले त्या संध्याकाळीच प्लास्टर मारलं, मी विचारलं तर म्हणाला ताई काही होत नाही, रोजचं काम आहे आमचं. दोन महिन्यांनी शेजारच्या खोलीच्या भिंतीला तळहाताएवढा डाग आला, मग परातीएवढा झाला. एका जोडातून थेंब थेंब गळत होतं. नवीन लावलेल्या टाईल्स मी स्वतः उभी राहून फोडून घेतल्या, त्या दिवशी रडायलाच आलं मला. म्हणून हात जोडून सांगते, पाईप टाकल्यावर सगळी तोंडं बंद करून दाब देऊन रात्रभर तसंच ठेवा, सकाळी दाब मोजायच्या मीटरचा काटा खाली आला नसेल तरच भिंत बंद करू द्या. एक दिवस उशीर होऊ दे. आणि शेवटचा दहा टक्के तरी हप्ता सगळं वापरून बघेपर्यंत हातात ठेवा.

सुताराचा_मुलगा

मधलं पान ताई म्हणतात ते रंगाच्या बाबतीत बरोबर आहे. पण पानगळ ताईंनी आधी कपाटांचे सांगाडे तपासावेत. नखाने प्लायच्या कडेला टोचा, मऊ लागलं किंवा भुसा पडला तर तो भाग गेला. सहसा फक्त सिंकखालचं कपाट जातं, बाकीचे सांगाडे ठणठणीत असतात, मग सगळं का टाकायचं? सिंकखालचं तेवढं बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचं नवीन करा, आणि कापलेल्या कडा, पाईपसाठी पाडलेली भोकं नीट सील करून घ्या, कारण पाणी कधी मधून शिरत नाही, कडेनेच शिरतं. ते कपाट जमिनीला टेकवू नका, पायांवर उचलून घ्या, म्हणजे फरशी धुतली तरी खालून भिजत नाही.

निघालेल्या शटरसाठी: आतून बघा, बिजागरीची गोल वाटी असेल तर तिचा व्यास मोजा. बहुतेक ठिकाणी तो ३५ मिमी असतो, मग हळू बंद होणारी नवीन बिजागरी त्याच भोकात बसते, शटर बदलायची गरजच नाही. स्क्रूची भोकं मोकळी झाली असतील तर त्यात लाकडाची बारीक काडी फेव्हिकॉल लावून ठोकायची, रात्रभर ठेवायची आणि परत स्क्रू कसायचा. माझे वडील आयुष्यभर हेच करत आले.

ट्रॉल्या जिथे जड भांडी आहेत तिथेच घ्या, दोन किंवा तीन, आणि चॅनल, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते ती पट्टी, किती किलो वजन पेलणारं आहे ते विचारून घ्या. बाकी जागी साधी फळी आणि शटर पुरतं. ट्रॉलीत खरा खर्च त्या चॅनलचाच असतो.

टाईल्सना नाण्याने हलकं वाजवून बघा. भरीव आवाज आला तर राहू द्या, फक्त सांध्यातलं काळं पडलेलं जुनं सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घ्या, त्याला डाग धरत नाहीत. ते मात्र टाईलवर सांडलं की लगेच पुसायला लावा, एकदा कडक झालं की निघता निघत नाही.

पानगळ

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचा एक प्रश्न आहे, माझ्याही मनात होता. त्यांची उंची ४ फूट १० इंच, माझी ५ फूट ६ इंच. आताचा ओटा ३४ इंचांचा. त्यांचे खांदे दुखतात आणि माझी कंबर. कुणाच्या मापाने करायचा?

जुनी_खिडकी

ताई, उभं राहून कोपर काटकोनात वाकवा, कोपरापासून १० ते १५ सेंमी खाली ओटा असला की हाताला बरा पडतो. तुमच्या दोघींच्या मापात त्यामुळे साधारण पाच इंचांचा फरक येणार, तो एका ओट्याने भागणारच नाही. म्हणून ओट्याला हात लावू नका, आणि सासूबाईंसाठी चौरंग किंवा स्टूलही शेगडीपुढे ठेवू नका, पाय घसरला तर काय. त्यांना ७५ सेंमी उंचीचं एक टेबल द्या, जेवणाचं टेबल असतं तेवढ्या उंचीचं, त्यावर बसून चिरणं, निवडणं सगळं होतं. तुमच्यासाठी कापायचा जाड लाकडी पाट ओट्यावर ठेवलात तरी दोन इंच वर येतं.

चार_भिंती

तेच टेबल कामाच्या दिवसांत तुमचं तात्पुरतं किचनही होईल. आम्ही तसंच केलं होतं, दहा दिवसांसाठी म्हणून मांडलं आणि चोवीस दिवस चाललं. भांडी बाथरूममध्ये धुवायची असतील तर खाली बसून धुवू नका, स्टूलवर टब ठेवा, माझी पाठ तिसऱ्या दिवशीच गेली होती. प्रत्येकाला एक ताट, एक वाटी, एक पेला, बाकी सगळं खोक्यात बंद करून खोक्यावर आत काय आहे ते लिहून ठेवा.

धुळीसाठी किचनच्या दाराला जाड प्लास्टिक वरपासून खालपर्यंत चिकटपट्टीने लावा आणि किचनच्या खिडकीत पंखा बाहेर तोंड करून ठेवा, म्हणजे हवा आतून बाहेर जाते आणि घरात शिरत नाही. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. तोडफोडीचे दिवस एकत्र घ्या, दोन किंवा तीन, आणि ते दोन-तीन दिवस सासूबाईंना नातेवाईकांकडे पाठवता आलं तर बघा. ड्रिलची वेळ सकाळीच लिहून घ्या आणि तो कागद नवऱ्याच्या टेबलापाशी चिकटवा.

पानगळ

काल दोरा फिरवला. मोठ्या मुलाने धरला, अगदी मन लावून. शेगडी ते सिंक काहीच गुंता नाही! सगळा गुंता भांड्यांच्या स्टँडपाशी, ते समोरच्या भिंतीवर आहे, त्याने मोजले तर ३१ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला ओल्या भांड्यांचं पाणी फरशीवर. त्याच पाण्यात सासूबाई मागे दोनदा घसरल्या होत्या, तेव्हा आम्ही त्यांना नवीन चपला आणून दिल्या होत्या.

तर ठरलंय असं: ओटा आणि टाईल्स राहणार (नाणं वाजवलं, दोनच टाईल्स पोकळ निघाल्या). सिंक तिथेच. स्टँड सिंकच्या वर, म्हणजे पाणी सिंकमध्येच पडेल. सिंकखालचं कपाट नवीन, ट्रॉल्या तीन, बाकी बिजागऱ्या बदलायच्या, वाटीचा व्यास मोजला, ३५ मिमीच आहे. वायरिंग मात्र पूर्ण नवीन, आणि त्यासाठी मी रंगाचे पैसे पुढच्या वर्षावर ढकललेत. वायरिंगवाले सोमवारी येतायत, सासूबाई तीन दिवस नणंदेकडे जातायत. मोजपट्टी आत्ताच काढून फ्रिजवर ठेवली आहे, फोटो काढायचं काम मोठ्याने मागून घेतलंय.