मदत हवी आहे: बाबांनी बनवलेल्या बाथरूमच्या कडीचं पेटंट अजून मिळू शकेल का? व्हिडिओ आधीच टाकलाय

नमस्कार मंडळी, पेटंटमधलं कळणारं कोणी इथे असेल तर प्लीज नीट वाचा, थोडं लांबलंय पण पूर्ण सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

बाबांचं कोल्हापुरात उद्यमनगरला छोटं वर्कशॉप आहे, एक लेथ, एक ड्रिल मशीन, एक ग्राइंडर आणि मदतीला एक मुलगा. मी पुण्यात असतो, काम पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डांच्या टेस्टिंगचं. दोन वर्षांपूर्वी आजी बाथरूममध्ये पडली, आतून कडी लावलेली. आम्ही बाहेरून हाका मारतोय, ती आतून कण्हतेय आणि दार उघडता येत नाही. शेवटी शेजारच्या काकांनी पहार आणून दार फोडलं. आजी वाचली, खुब्याचं ऑपरेशन झालं, पण त्या दिवसापासून बाबांच्या डोक्यात हेच.

त्यांनी जे केलंय ते असं. दारावरचा टॉवर बोल्ट, म्हणजे सरकवायची कडी, नेहमीचाच, बाजारातला. बदल आहे तो चौकटीवरच्या कोयंड्यात, म्हणजे बोल्ट ज्यात जाऊन अडकतो त्या भागात. कोयंडा फिक्स नाही, एका बाजूने बिजागरीसारखा फिरतो आणि दुसऱ्या बाजूने पिनेवर अडकलेला असतो. चौकटीत बाहेरून ४ मिमीचं भोक, त्यातून सळई ढकलली की पिन मागे सरते, कोयंडा बोल्टसकट आत वळतो आणि दार उघडतं. बोल्ट आपल्या जागीच लागलेला राहतो, दाराला कुठे कापावं लागत नाही. माणूस दाराला टेकूनच पडला असेल तर आत उघडणारं दार अडणार हे आम्हाला माहितीये, त्यावर बाबांचं वेगळं चाललंय, ते इथे नको.

पहिल्या पिसातली पिन माझ्या कंपनीच्या भंगारातली होती. टेस्ट फिक्स्चरमध्ये बोर्डाच्या प्रत्येक पॉइंटवर टेकायला ज्या स्प्रिंगवाल्या बारीक पिना असतात ना, पोगो पिन म्हणतात, त्यातली एक मोठी. मस्त चालली, पण बाथरूमची ओल आणि बोअरच्या पाण्याचे क्षार, तीन महिन्यांत स्प्रिंग जाम. आणि दुसरं म्हणजे पुतण्याने अगरबत्तीच्या काडीने दार उघडून दाखवलं, म्हणजे आत कोणी असताना कोणीही उघडू शकतं, हे चालणारच नाही.

म्हणून दुसरं व्हर्जन. स्प्रिंग काढूनच टाकली. पिनेच्या जागी पितळी खटका, जो स्वतःच्या वजनाने खाली पडून कोयंड्याला अडकतो. बाहेरून चपट्या टोकाची किल्ली आत घालून पाव फेरा फिरवली तरच खटका उचलला जातो, नुसतं ढकलून काही होत नाही. दार परत लावलं की कोयंडा जागेवर येतो आणि खटका आपोआप पडतो. मी स्वतः वर्कशॉपमध्ये बसून शंभर वेळा उघडबंद केलंय, एकदाही अडकला नाही.

आता अडचण. पहिल्या व्हर्जनचा व्हिडिओ मी कौतुकाने यूट्यूबवर टाकला, सात महिने झाले. कोयंडा कसा वळतो, पिन कशी सरते सगळं त्यात दिसतंय. शिवाय सोसायटीत पाच घरांत पहिलं व्हर्जन बसवून दिलं, तिघांनी पैसेही दिले. नंतर वाचलं की आपल्याकडे पेटंट हवं तर अर्जाच्या तारखेआधी ती गोष्ट जगात कुठेही जाहीर झालेली चालत नाही, आणि अमेरिकेत आहे तशी स्वतःच्या जाहीर करण्याला एक वर्षाची सरसकट सूट इथे नाही. सूट आहे ती सरकारने नोटिफाय केलेल्या प्रदर्शनासारख्या मोजक्या प्रसंगांना. पेटंट कायद्याच्या कलम ३२ मध्ये जाहीर ट्रायलला एक वर्ष दिलंय, पण त्यात ट्रायल लोकांमध्येच करणं गरजेचं असलं पाहिजे. वाचून फार वाईट वाटलं, चूक माझी आणि नुकसान बाबांचं.

दुसरी भीती म्हणजे हे आधीच कोणी केलेलं असणार. ऑफिसच्या काचेच्या दारांना कार्ड दाखवलं की उघडणारं जे इलेक्ट्रिक स्ट्राइक असतं त्यात हेच तत्त्व, बोल्ट जागेवर आणि समोरचा कॅच सुटतो. नाणं घालून बाहेरून फिरवायच्या बाथरूम लॅचही मिळतात. पण मग लायनस येल ज्युनियर या अमेरिकन कुलूपवाल्याचं पिनांचं कुलूप बघा, १८६१ आणि १८६५ ची पेटंट, आणि आत पिना पडून अडवायची कल्पना तर प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांपासूनची. त्याला पेटंट मिळालं ते सुधारणेला. मग बाबांच्या खटक्यालाही मिळायला काय हरकत आहे?

प्रश्न असे:

व्हिडिओतलं गेलं असं धरलं तरी स्प्रिंगशिवायचा, वजनाने पडणारा आणि पाव फेऱ्याने सुटणारा खटका एवढ्यावरच अर्ज करता येईल का? का कलम ३(एफ) लावून, माहिती असलेल्या वस्तूंची नुसती मांडणी आहे म्हणून उडवतील?

व्हिडिओ आता काढून काही उपयोग आहे का?

आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाकून १२ महिन्यांत कम्प्लीट (पूर्ण वर्णनाचा) द्यावा का थेट कम्प्लीट? फी मला कळली तेवढी अशी, एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाला १६०० आणि तपासणीच्या विनंतीला ४००० रुपये, ती विनंती आता ३१ महिन्यांच्या आत करायची. अर्ज करून देणाऱ्या पेटंट एजंटचे वेगळे. कोणी स्वतः भरलाय का?

---

अपडेट: सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या लवकर उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. व्हिडिओ काढून टाकला तरी जे जाहीर झालं ते झालंच, हे कळलं. उलट त्याची तारीख आणि त्यात नेमकं काय दिसतं ते लिहून ठेवा हा सल्ला पटला, तसं केलंय. दुसरं व्हर्जन अजून घरातले आणि वर्कशॉपमधला मुलगा सोडून कोणी पाहिलेलं नाही. एका हार्डवेअरवाल्याला पीस द्यायचा होता तो काल थांबवला.

एकांनी विचारलंय की ग्रॅनाइटच्या चौकटीत भोक कसं पाडता. विडियाच्या बिटने, हॅमर न लावता, कमी स्पीडवर पाणी सोडत. विडिया हे नावही पेटंटच्या गोष्टीतलंच आहे हो, टंगस्टन कार्बाइडचं पेटंट १९२३ मध्ये जर्मनीत कार्ल श्रोटरने केलं आणि क्रुप कंपनीने ते बाजारात आणताना 'हिऱ्यासारखं' या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून विडिया नाव दिलं. आपल्याकडचे टर्नर अजून तोच शब्द वापरतात. बाबांना सांगितलं तर बिट हातात घेऊन बराच वेळ बघत होते.

आता एकच मदत हवी आहे. बाबांनी सगळं वर्णन वहीत मराठीत लिहिलंय, आकृत्यांसकट, प्रत्येक भागाला नंबर देऊन. पण अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीतच चालतो. क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ती वाक्यं, लिहिताना 'कोयंडा' ला स्ट्राइक म्हणायचं का कीपर, आणि 'वजनाने पडणारा खटका' हे कसं मांडायचं म्हणजे संरक्षण फक्त पितळेपुरतं किंवा याच आकारापुरतं राहणार नाही? मेकॅनिकलची पेटंट लिहिलेलं कोणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फी देऊ. पण तपशील गुप्त ठेवण्याचं आधी लेखी ठरवू, मगच वहीची पानं पाठवेन.