एकमत म्हणजे पुरावा नव्हे, मग तापमानवाढीवर विश्वास का ठेवायचा?

निरभ्र:
माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापतेय यावर शास्त्रज्ञांचं एकमत आहे, असं म्हटलं की उत्तर येतं: "विज्ञान मतदानावर चालत नाही. खंड सरकतात म्हणणाऱ्या वेगेनरलाही वेड्यात काढलं होतं. आणि तापमापक तर सिमेंटच्या शहरांतच आहेत." पहिलं वाक्य मलाही पटतं. मग विश्वास कशावर ठेवायचा?

दर्यावर्दी:
मोजमापांवर. हात वर करून हे एकमत झालेलं नाही. शहरांचं म्हणाल, तर समुद्रात सिमेंट नाही. तिथे सुमारे ४००० आर्गो तरंगयंत्रं आहेत. प्रत्येक यंत्र १००० मीटर खोलीवर वाहत राहतं, दर १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत उतरतं, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतं आणि उपग्रहाला कळवतं. तिथेही पाणी तापतंय. जादा उष्णतेतली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रानेच पोटात घेतली आहे.

मापकाटा:
संशयवाद्यांचं स्वतःचं मोजमापही बघा, मला तोच सगळ्यात भक्कम धागा वाटतो. जॉन क्रिस्टी आणि रॉय स्पेन्सर उपग्रहांवरून हवेतल्या ऑक्सिजनच्या सूक्ष्मलहरी मोजून तापमान काढतात. त्यांच्या आकड्यांत तापमानवाढ फारच कमी दिसायची आणि विरोधक वर्षानुवर्षं तेच पुढे करत होते. पण उपग्रहाची कक्षा हळूहळू सरकते, त्यामुळे एकाच जागेवरून जायची त्याची वेळ बदलते. दुपारचं तापमान संध्याकाळी मोजलं, तर हवा थंड झाल्यासारखी दिसणारच. त्यासाठी केलेल्या दुरुस्तीत चूक होती. कार्ल मिअर्स आणि फ्रँक वेंट्झ यांनी २००५ मध्ये ती दाखवली, क्रिस्टी-स्पेन्सर यांनी मान्य केली आणि वाढीचा दर दशकाला सुमारे ०.०९ अंशांवरून ०.१२ अंशांवर गेला.

निरभ्र:
हे माहीत नव्हतं. पण तो कार्बन माणसाचाच कशावरून? ज्वालामुखी, सूर्य?

दर्यावर्दी:
कार्बनवर शिक्का असतो. त्याचे अणू वेगवेगळ्या वजनांचे असतात: कार्बन-१२, १३ आणि १४. वनस्पती हलका कार्बन-१२ जास्त घेतात. कोळसा आणि तेल हे जुन्या जीवांचे अवशेष, म्हणून त्यांत कार्बन-१३ कमी. कार्बन-१४ तर ५७३० वर्षांत निम्मा होतो, तो त्यांत उरलेलाच नाही. हवेतलं कार्बन-१३चं प्रमाण घटतंय, सोबत ऑक्सिजनही किंचित घटतोय, कारण जळायला तो लागतोच. ज्वालामुखी दरवर्षी जेवढा वायू सोडतात तो माणसाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये हवेच्या दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे ३१५ भाग होते, आता ४२०च्या वर आहेत. आणि सूर्यामुळे असतं तर स्थितांबर हा हवेचा वरचा थरही तापला असता. तो थंड झालाय.

मापकाटा:
वेगेनरबद्दल. १९१२ मध्ये त्याने खंड सरकतात म्हटलं ते खरंच होतं, पण ते सरकवायला त्याने सुचवलेली बलं फारच तोकडी होती. आक्षेप रास्त होता. पुढे सागरतळ पसरतोय हे दाखवणारे तिथल्या चुंबकीय पट्ट्यांचे पुरावे आले आणि १९६०च्या दशकाअखेर बहुतेक भूशास्त्रज्ञांनी मत बदललं. नुसतं एकटं पडणं त्याच्या बाजूने पुरावा नव्हतं.

आणखी एक. "तापमानवाढ थांबली" असा आलेख आला की आधी सुरुवातीचं वर्ष बघा. बऱ्याचदा १९९८ असतं. ते कडक एल निन्योचं, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून जगाचं तापमान तात्पुरतं वाढण्याचं, म्हणून आधीच उंचावर. तीच रेघ १९९७ पासून किंवा १९९९ पासून ओढून पाहा.