प्रतिसाद: ५९१२०१ चे अवयव

चिकोडीच्या पिनकोडचे, ५९१२०१ चे, अवयव काढायला ७६८ पर्यंतच्या (म्हणजे त्याच्या वर्गमूळापर्यंतच्या) सगळ्या, म्हणजे १३५ मूळ संख्या तपासाव्या लागतील, असं ज्या पोस्टला हा प्रतिसाद आहे तिच्यात म्हटलंय. तेवढी मर्यादा सहसा संख्या मूळ निघाली तरच लागते. इथे अंकांची बेरीज १८, म्हणून आधी ९ ने भागा: ६५६८९. (३ ने एकदाच भागून पुढे जाऊ नका, दुसरा ३ आत राहून जातो.) आता ७, ११, १३ वेगवेगळे तपासायची गरज नाही. तिघांचा गुणाकार १००१, म्हणजे १००० + १, म्हणून ५९१२०१ चे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून वजा करा: ५९१ − २०१ = ३९०. या तिघांपैकी ज्याने वजाबाकीला भाग जातो त्यानेच संख्येलाही जातो. याला ७ आणि ११ ने भाग जात नाही, १३ ने जातो. ६५६८९ ला १३ ने भागून उरले ५०५३, आणि मर्यादा ७६८ वरून थेट ७१ वर आली. १३ परत लागत नाही. १७, १९, २३, २९ ही नाहीत, ३१ लागतो आणि १६३ उरतात. तो ३१ च्या वर्गाहून लहान, म्हणजे मूळच. म्हणून ५९१२०१ = ३² × १३ × ३१ × १६३, एकूण विभाजक २४. निपाणीच्या ५९१२३७ ला हीच वजाबाकी ३५४ देते. ७, ११, १३ तिन्ही एका फटक्यात बाद.

ताळा मात्र फक्त नवाचा (अंकांच्या बेरजेचा) घेऊ नका. २०१ चं चुकून २१० लिहिलं गेलं तरी अंकांची बेरीज १८ च राहते, चूक कळत नाही. १००१ च्या वजाबाकीत ३९० चे ३८१ होतात आणि लगेच सापडते.