मदत हवी आहे : डिझेल गाडीचा एअर फ्लो सेन्सर घरी बदलता येईल का?

माळव्यातला

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ची हॅचबॅक, १२४८ सीसी डिझेल, बीएस-४. इथे इंदुरात पलासिया ते राजवाडा रांगत्या ट्रॅफिकमध्ये काही जाणवत नाही. पण घरच्यांना घेऊन महेश्वरला गेलो होतो, परतताना मानपूरच्या घाटात गाडी उठेचना. ॲक्सिलरेटर दाबला की मागे काळा धूर. भरलेले ट्रक आम्हाला ओव्हरटेक करून गेले, यावरून काय ते समजा. घाट चढेपर्यंत चेक इंजिनचा दिवाही लागला.

वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी०१०१. 'एअर फ्लो सेन्सर गेला, बदलावा लागेल', आणि मजुरीसकट नऊ हजारांच्या घरातला आकडा. बॉनेट उघडून पाहिलं तर सेन्सर एअर फिल्टरच्या डब्याला लागूनच, समोर दिसतोय. दोन स्क्रू आणि एक कनेक्टर. याची मजुरी कसली?

तर प्रश्न असे. घरी बदलला तर कॉम्प्युटरला काही शिकवावं लागतं का? ऑनलाइन हुबेहूब दिसणारा सेन्सर चौथाई किमतीत मिळतोय, घ्यावा का? आणि बदलण्याआधी साफ करून पाहायचा असेल तर माझ्याकडे कार्ब्युरेटर क्लीनरचा डबा पडून आहे, तो चालेल? (आमच्याकडे मेट्रोच्या कामाची धूळ भरपूर आहे, म्हणून साफसफाईचं डोक्यात आलं.) ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीचे कोड आणि आकडे वाचणारा) आहे, आकडे हवे असतील तर देतो.

खटपट्या

थांबा, पैसे खर्च करू नका. पी०१०१ म्हणजे सेन्सर मेला असं नाही. वायर तुटली किंवा शॉर्ट झाली की सहसा ०१०२ किंवा ०१०३ येतो. ०१०१चा अर्थ एवढाच, की सेन्सर सांगतोय तो आकडा कॉम्प्युटरच्या हिशोबात बसत नाही. खोटं कोण बोलतंय ते कोड सांगत नाही.

सेन्सरच्या आत एक तापवलेली पातळ फिल्म असते. हवा तिला थंड करते, ती गरम ठेवायला किती वीज लागते त्यावरून हवेचं वजन कळतं. आता तुमचा हिशोब करू. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं. ८५० आरपीएमला १२४८ सीसी म्हणजे मिनिटाला सुमारे ५३० लिटर, सेकंदाला नऊच्या आत-बाहेर. इंदूर साडेपाचशे मीटरवर, हवा जरा विरळ, शिवाय सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणजे आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू, ॲक्सिलरेटर सोडलेला) सेकंदाला आठ-नऊ ग्रॅम. डिझेलमध्ये आयडलला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा असतो, त्यामुळे निम्मा आकडा दिसला तरी घाबरू नका. हे पाहा :
इंजिन बंद, किल्ली ऑन : आकडा शून्याजवळ असला पाहिजे.
एकदम रेस दिली की आकडा लगेच उडाला पाहिजे. रेंगाळत चढला तर सेन्सर मळलाय किंवा थकलाय.

मग कनेक्टर काढून गाडी चालवा. कॉम्प्युटर ठरीव आकड्यावर जातो. गाडी थोडी मंद वाटेल, दिवा लागेल, नंतर कोड खोडायचा. पण ओढ स्पष्ट सुधारली तर संशय सेन्सरवर किंवा ईजीआरवर. काहीच फरक नाही, तर पाइप बघा.

माझा पैसा पाइपवर. शहरात ठीक, चढावर काळा धूर, हे टर्बोनंतरच्या गळतीचं लक्षण. हवा सेन्सरमधून मोजून जाते, टर्बो दाबते आणि फाटक्या पाइपातून फुस्स. कॉम्प्युटर मोजलेल्या हवेइतकं डिझेल ओततो, ते जळायला हवाच नसते.

कार्ब्युरेटर क्लीनर अजिबात नको, फिल्म आणि प्लास्टिक दोन्ही खराब होऊ शकतं. एअर फ्लो सेन्सरचा वेगळा स्प्रे मिळतो. लांबून मारा, कापूस-ब्रश लावू नका, पूर्ण वाळल्याशिवाय कनेक्टर जोडू नका.

सराफ्यातला_खवय्या

भिया, घ्यायचाच झाला तर छोटी ग्वालटोलीत बिल घेऊन घ्या, आणि जुन्याच्या अंगावरचा पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. चौथाई किमतीचा हुबेहूब म्हणजे बहुतेक डुप्लिकेट. दिवा जातो, ॲव्हरेज मात्र परत येत नाही. तसले स्क्रू पुष्कळदा चांदणीच्या आकाराच्या खाचेचे, मधोमध खुंटी असलेले असतात. मधे भोक असलेला टॉर्क्स बिट आणा, पक्कड लावलीत की डोकं घासलं जातं. बाणाची दिशा हवेच्या प्रवाहाकडे, रबरी ओ-रिंग जागेवर. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. शिकवणं वगैरे बहुतेक गाड्यांत लागत नाही, कोड खोडला की पुरे.

फिल्टर कुठला आहे तेही सांगा. धुऊन तेल लावायचा कापडी फिल्टर असेल तर ते तेल उडून सेन्सरवर बसतं.

माळव्यातला

फिल्टर साधा कागदीच आहे. आकडे : किल्ली ऑनवर शून्य, आयडलला साडेचार-पाच, रेस दिली की झटकन वर. कनेक्टर काढून बायपासवर चालवली, फरक काही नाही.

मग गाडी रॅम्पवर चढवून इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा) खालचा पाइप चाचपला. क्लिपजवळ तेलकट, आणि वळणाच्या आतल्या बाजूला बोटभर चीर. उभ्या गाडीत ती मिटलेली असते, दाब आला की उघडत असणार. पाइप आणि क्लिप दोन्ही नवीन टाकलं, कोड खोडला. धूर गेला. सेन्सरला हातही लावलेला नाही. तेलकटपणाची काळजी करावी का?

खटपट्या

थोडं तेल असतंच, ब्रीदरमधून येणारी इंजिनातली तेलकट वाफ त्याच वाटेने जाते. पाइप काढल्यावर तेल ओघळलं तरच टर्बो बघा. कोड परत आला तर ईजीआर साफ करा, सेन्सर त्यानंतर.

नवी_वाचक

मध्येच विचारते, राग नको. माझी हजार सीसीची पेट्रोल गाडी आहे, तिच्यात फिल्टरच्या डब्याजवळ असा सेन्सर सापडतच नाहीये. ऑनलाइन मागवायच्या बेतात होते.

खटपट्या

ताई, मागवू नका. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत तो नसतोच. इनटेक मॅनिफोल्डवर दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, त्यावरून कॉम्प्युटर हवेचा हिशोब काढतो. तक्रार काय आहे आणि कोड कुठला येतोय ते वेगळ्या धाग्यात लिहा.