९३ए (ग्राहक संरक्षण कायदा) नोटिशीवर दुकानाने 'स्टोअर क्रेडिट' देऊ केलंय, स्वीकारावं का? मदत हवी आहे (मॅसॅच्युसेट्स)

नमस्कार मंडळी, बॉस्टनकडच्या जाणकारांचा सल्ला हवाय. सोफा २,४०० डॉलरचा. जाहिरातीत आणि बिलावर 'जेन्युइन लेदर', पण उशीखालच्या लेबलवर चक्क 'बॉन्डेड लेदर' (चामड्याचा चुरा चिकटवून केलेलं). बसायच्या जागी पापुद्रे सुटून आतलं कापड दिसतंय.

चॅप्टर ९३ए, कलम ९ प्रमाणे डिमांड लेटर (दाव्याआधीचं मागणीपत्र) सर्टिफाइड मेलने गेलंय. त्यात जाहिरातीचे नेमके शब्द, लेबलचा फोटो, नुकसानीचा आकडा आणि पैसे परत ही मागणी आहे. (नुसतं 'फसवलंत' लिहून भागत नाही, कृत्य आणि नुकसान दोन्ही मांडावं लागतं.) पत्र टाकल्यापासून ३० दिवसांच्या आत दुकानाचं लेखी उत्तर आलं: २,००० डॉलरचं स्टोअर क्रेडिट, सोफा ते उचलून नेतील.

घोडं इथेच अडलंय. हा प्रस्ताव नाकारला आणि कोर्टाला तो वाजवी वाटला, तर भरपाई तेवढ्यावरच थांबते, ९३एखालची दुप्पट-तिप्पट भरपाई विसरा. माझ्या मते त्याच दुकानात खर्चायचं क्रेडिट म्हणजे भरपाई नव्हे, पण न्यायाधीश काय म्हणतात?

दुसरं, स्मॉल क्लेम्सची (छोट्या दाव्यांच्या कोर्टाची) मर्यादा ७,००० डॉलर. ९३एखालची वाढीव भरपाई त्यावर जाऊ शकते. तिप्पट धरली तर ७,२०० होतात. मग दाव्यात मूळ २,४०० लिहून ९३एचा उल्लेख पुरतो, की तिपटीची मागणी वेगळी मांडायची?

मुदत चार वर्षांची, त्यामुळे घाई नाही. तोवर सोफा वापरला तर दावा कमकुवत होतो का, तेही सांगा.