चार्टर विमानासाठी मध्ये ब्रोकर कशाला?

टेम्पोत्राता (धागा काढणारा):
आमच्या साहेब लोकांचा मुंबई-नांदेड-मुंबई असा एका दिवसाचा दौरा ठरला, सहा माणसं, आणि ट्रॅव्हलचं बघतो म्हणून चार्टरचं, म्हणजे अख्खं विमान भाड्याने घ्यायचं, लचांड माझ्या गळ्यात. मी आजवर टेम्पो ट्रॅव्हलरच्या पुढचं काही भाड्याने घेतलेलं नाही. तीन ब्रोकरांना फोन लावले, तिघांनीही किंग एअर बी२०० हे छोटं विमानच सांगितलं आणि आकडे मात्र तीन वेगळे. एकाने पाठवलेल्या फोटोत विमानावरचा व्हीटी नंबर (विमानाची नंबर प्लेटच म्हणा) पुसायचा राहिला होता, तो डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) साइटवर विमान भाड्याने द्यायचं परमिट असलेल्यांच्या यादीत शोधला, ऑपरेटर (विमान चालवणारी कंपनी) मिळाला, थेट फोन केला. तेच विमान, तीच तारीख, ६० हजार कमी! व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड करायचे ६० हजार? त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. माझं मत, यादी उघड आहे तर दलाल लागतोच कशाला.

रॅम्पवाला:
ग्राउंड हँडलिंगमध्ये ११ वर्षं काढलीत म्हणून बोलतो. ऑपरेटरकडे दोन विमानं असतील तर तो तुला त्या दोनातलंच विकणार, सहा माणसांना नऊ सीटचं जेट गळ्यात मारेल नाहीतर सामानासकट न बसणारं काहीतरी देईल. आणि सकाळी सहाला विमान एओजी झालं, म्हणजे बिघाड होऊन जमिनीवर बसलं, की ऑपरेटर म्हणणार सॉरी सर, पैसे परत करतो. बरा ब्रोकर त्या वेळेला दुसरं विमान शोधत असतो. ६० हजार फोटो पाठवायचे नसतात रे.

टेम्पोत्राता:
"बरा ब्रोकर" हा शब्द तूच वापरलास, मी नाही.

लासलगावचा:
आमच्याकडे अडत्याला शिव्या घालून पिढ्या गेल्या, पण अडत किती टक्के ते पट्टीवर लिहिलेलं असायचं. २०१६ ला ती शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली तेव्हा भांडण तरी कशावर चाललंय ते सगळ्यांना कळत होतं. ह्या विमानवाल्या अडत्याचं मार्जिन कोटेशनच्या पोटात, तुम्हाला एकच आकडा दिसतो. ऑपरेटरकडून काही मिळतं का ते वेगळंच. कांद्याला जो हिशोब आहे तो विमानाला नाही, कमाल आहे.

वऱ्हाडी ठेचा:
तुमचे साहेब लोक बसने गेले असते तरी चाललं असतं. माझ्या वडिलांना नागपूरहून चेन्नईला न्यायचं होतं, व्हेंटिलेटरवर, रात्री अकराला डॉक्टर म्हणे उद्याच हलवा. अशा वेळी यादी उघडून एकेकाला फोन लावत बसायचं का? ब्रोकरच्या पोरानं रात्रीतून स्ट्रेचर लावलेलं विमान, सोबत डॉक्टर, दोन्हीकडच्या अँब्युलन्स, आणि चेन्नईत बेड खरंच ठेवलाय का हे स्वतः फोन करून बघितलं. बाबा तिथे पोचले. त्याने किती ठेवले मला माहीत नाही, विचारलंही नाही.

खडूस आत्या:
ठेचा, तुझं बरं झालं गं, पण आमच्याकडे उलटं झालं. ब्रोकरने विमान "कन्फर्म" सांगून अर्धे पैसे घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणे विमान दिल्लीहून येतंय, रिकाम्या येण्याजाण्याचे तास वेगळे. पेशंट आयसीयूत, घासाघीस कोण करणार? बिल आलं ब्रोकरच्या नावाचं, ऑपरेटर कोण हे विमानात चढताना कळलं. भांडायला गेलो तर ऑपरेटर म्हणतो आमचा तुमच्याशी करारच नाही.

बेळगावी कुंदा:
आत्यांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. अमेरिकेत २०१९ पासून ब्रोकरने विमान कोण चालवणार ते आधी सांगायचं असा नियम आहे, आपल्याकडे ब्रोकरला डीजीसीएचं लायसनसुद्धा लागत नाही. फुटबॉलपटू एमिलियानो साला आठवतो? २१ जानेवारी २०१९, नाँतहून कार्डिफला एका इंजिनाच्या पायपर मालिबूने निघाला, इंग्लिश खाडीत विमान पडलं. पायलटकडे भाड्याचे प्रवासी न्यायचं लायसनच नव्हतं, रात्री उडवायची परवानगीही नाही. मधली माणसं अशी महागात पडतात.

रॅम्पवाला:
कुंदा, अर्धवट सांगू नकोस. त्यात ज्याला २०२१ ला १८ महिन्यांची सजा झाली तो ब्रोकर नव्हता, विमान सांभाळणारा माणूसच होता. "ओळखीतला आहे, थेट बोलूया" ह्याच रस्त्याने ते विमान ठरलं. आपल्याकडेही कुणा उद्योगपतीचं खाजगी विमान "आपलंच आहे, स्वस्तात देतो" म्हणून मिळतं, त्याच्याकडे भाड्याने द्यायचं परमिट नसतं, आणि उद्या काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. ब्रोकर असो नसो, परमिट आणि विम्याचा कागद मागायचा.

लासलगावचा:
मग तुझा ब्रोकर फोटोतला नंबर पुसून का पाठवतो?

रॅम्पवाला:
टेम्पोत्रातासारख्यांसाठी. 😄 तीन दिवस त्याने विमानं शोधायची आणि ह्याने नंबर वाचून थेट फोन करायचा, त्याने पोट कशावर भरायचं?

वऱ्हाडी ठेचा:
हे मात्र चोरीच झाली हं भाऊ.

टेम्पोत्राता:
चोरी कसली, बाजारभाव बघितला. असो, दौरा काल झाला, थेट बुकिंगने. जाताना लोण्यासारखं. परतीला साहेबांची मीटिंग दीड तास लांबली, मुंबईत उतरायची ठरलेली वेळ, म्हणजे स्लॉट, गेला, संध्याकाळच्या गर्दीत छोट्या विमानांना तिथे घेतच नाहीत, तिकडून पायलट म्हणतो माझी ड्युटी संपत आली. ऑपरेटरच्या ऑफिसात एक मुलगी फोनवर, तीही कंटाळलेली. साडेनऊपर्यंत मी दोन फोन कानाला लावून नांदेडात उभा, शेवटी कसाबसा नवीन स्लॉट मिळाला. तरी ६० हजार वाचलेच.

रॅम्पवाला:
ब्रोकर काय करतो विचारत होतास ना? काल साडेनऊपर्यंत तू जे केलंस ते.

टेम्पोत्राता:
मग माझे ६० हजार कोण देणार, ते पण सांग.