जुन्या पेपरांतल्या औषधांच्या जाहिराती: किंमत कशी वाचायची, साल कसं काढायचं?

कात्रणवही

एका वहीत ब्रिटिश काळातल्या मराठी-इंग्रजी पेपरांतली पेटंट औषधांची कात्रणं चिकटवलेली आहेत. तारीख कशावरच नाही. तीन गोष्टी अडल्या आहेत:

धातुपुष्टीच्या गोळ्यांखाली 'किं. ८१२, ट. ख. ८४' असं छापलंय. आठशे बारा रुपये तर नसणारच. क्लोरोडाइन नावाच्या विलायती औषधाच्या इंग्रजी जाहिरातीत १३ जुलै १८६४ ही तारीख आहे, तेच साल धरावं का? आणि 'रजिस्टर्ड' म्हणजे सरकारनं तपासलेलं औषध का?

मोडीवाचक

पहिला ८ हा आकडा नाही. रुपये आणि आणे वेगळे दाखवायची ती खूण आहे. तिच्या डावीकडे रुपये, उजवीकडे आणे. डावीकडे काही नसेल तर नुसते आणे. म्हणजे किंमत बारा आणे, टपालखर्च चार आणे, घरपोच एक रुपया. '१८४' म्हणजे एक रुपया चार आणे आणि '८८' म्हणजे आठ आणे.

दंडांकडेही लक्ष असू द्या. १। सव्वा रुपया, १।। दीड, १।।। पावणेदोन. स्कॅनमध्ये हे दंड पुसट होतात, आणि ओसीआर (चित्रातली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर) तर १।। चं बेधडक १११ करून टाकतो. किमतींचा तक्ता करणार असाल तर प्रत्येक किंमत मूळ चित्रावरून डोळ्यांनी वाचा.

खिळेजुळारी

क्लोरोडाइनची तारीख फसवी आहे. डॉ. कॉलिस ब्राउन हाच मूळ शोधक, असं लंडनच्या कोर्टात न्यायाधीश म्हणाले, त्याची बातमी त्या दिवशीच्या लंडन टाइम्समध्ये आली. तो उतारा कंपनीनं पुढे कित्येक दशकं जाहिरातीत जसाच्या तसा ठेवला. त्यामुळे कात्रण १८६४ नंतरचं, एवढंच सिद्ध होतं. औषधवाल्यांचा मजकूर वर्षानुवर्षं बदलत नसे. प्रशस्तिपत्रांखालच्या तारखांचंही तेच.

त्यापेक्षा टपालाच्या खुणा भरवशाच्या. 'व्ही. पी.नं पाठवू' (म्हणजे पार्सल देताना पोस्टमन किंमत वसूल करणार) असेल तर १८७७ च्या आधीचं नाही, ती सोयच तेव्हा सुरू झाली. पाव आण्याचं कार्ड १८७९ ला आलं आणि १९२२ ला अर्ध्या आण्याचं झालं. 'पाव आण्याचं कार्ड टाका, कॅटलॉग फुकट' असं असेल तर दोन्ही टोकं बांधली गेली. कारखान्याच्या नावावरून खालची मर्यादा मिळते: पनवेलचं धूतपापेश्वर १८७२, अमृतांजन १८९३, झंडू १९१०.

पण खरी तारीख कात्रणाच्या पाठीवर असते. वाफ देऊन सोडवू नका. लाकडाच्या लगद्याचा कागद आधीच ठिसूळ असतो, खळ सुटायच्या आधी तोच फाटतो. अंधाऱ्या खोलीत वहीच्या पानाखाली लाइट पॅड (खालून उजेड देणारी सपाट पाटी) ठेवा, वरून फोटो काढा, फोटो आडवा उलटा करा आणि कॉन्ट्रास्ट वाढवा. बाजारभाव किंवा तिथी, काहीतरी हाती लागतंच. वहीचं पान जाड असेल किंवा मागेही कात्रण असेल तर मात्र हा उपाय चालत नाही.

खलबत्ता

'रजिस्टर्ड'चा औषधाच्या गुणाशी काडीचा संबंध नाही. ट्रेडमार्कचा कायदा इथे १९४० मध्ये झाला. त्याआधी लोक 'हे लेबल आमचं' असं जाहीरनामापत्र दस्तनोंदणी कचेरीत नोंदवायचे आणि तो शब्द ठळक टायपात छापायचे. 'पेटंट'ही बहुधा नावापुरतंच. खरं पेटंट घेतलं तर कृती उघड करावी लागते, आणि यांचा तर सगळा धंदा गुप्त कृतीवर.

त्या कृतीत असायचं काय? ब्राउनच्या क्लोरोडाइनमध्ये अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. जुलाब थांबायचे ते अफूमुळे, म्हणून पटकीवरचं (कॉलऱ्यावरचं) औषध म्हणून ते खपलं. इंग्लंडातल्या बीचमच्या गोळ्या 'डबीला एक गिनी (२१ शिलिंग) मोलाच्या' म्हणून विकत. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं पृथक्करण छापलं, तर निघालं काळा बोळ (कोरफडीचा सुकवलेला रस), सुंठ आणि साबण! ५६ गोळ्यांची किंमत १ शिलिंग दीड पेनी, आतला माल अर्ध्या फार्दिंगचा (फार्दिंग म्हणजे पाव पेनी). ती वरची दीड पेनी म्हणजे इंग्लंडातला पेटंट औषधांवरच्या कराचा स्टॅम्प.

आपल्याकडे सरकारनं नेमलेल्या चोप्रा समितीनं १९३०-३१ मध्ये औषधांच्या धंद्याची चौकशी केली, १९४० ला औषध कायदा आला. लेबलावर घटक तरी द्या, नाहीतर नोंदणी क्रमांक, असं त्यात होतं. आयुर्वेदी औषधं १९६४ च्या दुरुस्तीपर्यंत बाहेरच राहिली. जाहिरातीतल्या दाव्यांना लगाम बसला तो १९५४ च्या कायद्यानं. म्हणून या कात्रणांत घटक शोधत बसू नका.

कात्रणवही

लाइट पॅडचा उपाय चालला. गोळ्यांच्या कात्रणामागे 'शके १८३८, पौष वद्य' दिसतंय, तिथीचा आकडा कापला गेलाय. अधिक ७८, म्हणजे १९१६ ना?

खिळेजुळारी

नाही, १९१७. शकात ७८ मिळवायचे ते डिसेंबरअखेरपर्यंत. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. मार्गशीर्ष-पौषात पंचांग उघडल्याशिवाय बेरीज करूच नये. त्या वर्षी पौष वद्य ९ ते २३ जानेवारीला येतो. पेपर केसरी असेल तर तो मंगळवारी निघायचा, म्हणजे ९, १६ आणि २३ हे तीनच अंक फायलीतून मागवा.